ठिपके कुठायत?

भावाकडे गेले की भाचीचा अभ्यास घ्यायचं काम माझ्याकडे येतं, कारण वहिनीच्या मते घरात अक्षर बरं असलेली मी एकटीच. गेल्या खेपेला भाचीने दप्तरातून वही ओढून माझ्यासमोर टाकली. पानभर अ. प्रत्येक अ ठिपक्यांचा छापलेला, आणि त्या ठिपक्यांवरून तिने पेन्सिल इतकी दाबून फिरवलेली की पान उलटलं तर मागच्या बाजूला अक्षरांचे उंचवटे बोटाला लागत होते. कोपऱ्यात बाईंचा जांभळा शिक्का, त्यात चांदणी आणि ‘छान’. पान खरोखरच देखणं होतं. मी कौतुक केलं, आणि वहीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर बोट ठेवून म्हटलं, आता इथे एक अ काढून दाखव बघू. तिने पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पान उलटं करून पाहिलं.

“आत्या, ठिपके कुठायत?”

मला वाटलं गंमत करतेय. पण चेहरा गंमतीचा नव्हता. ठिपके बाई देतात, ठिपके नसले की अ येत नाही, असं तिने मला समजावून सांगितलं, जरा दयेनेच. मग मी पेन्सिलीने ठिपके काढून दिले आणि नुसती बघत बसले. तिने आधी काना काढला, तोही खालून वर. मग मधली आडवी दांडी. मग डावीकडच्या दोन गोलाया, खालची आधी, वरची नंतर, आणि मध्ये दोनदा हात उचलून. एक ठिपका राहून गेला होता, तो परत जाऊन भरला. रांगोळीचे ठिपके जोडावेत तसं सगळं चाललं होतं. शेवटी जे उमटलं ते अ दिसत होतं आणि शाळेत त्याला शिक्काही मिळाला असता. अ कुठून सुरू होतो, कुठे वळतो, हात कुठे उचलायचा, यातलं काहीच त्या ठिपक्यांना माहीत नव्हतं. त्यामुळे तिलाही नव्हतं.

आमच्या वर्गात ठिपके नव्हते. पाटी होती, दगडी, लाकडी चौकटीची, एका कोपऱ्याचा टवका उडालेली. बाई पाटीभर मोठा ग काढून देत आणि आम्ही त्यावरून पेन्सिल फिरवत बसायचो, म्हणजे गिरवणं आमच्याही नशिबी होतंच. पण त्याआधी बाई मागून वाकून हात हातात धरत. त्यांच्या बांगड्या माझ्या मनगटावर उतरायच्या, खडूचा आणि खोबरेल तेलाचा मिसळलेला वास यायचा, आणि बाई कानाशी पुटपुटत राहायच्या, ‘वरून खाली, वळव, गाठ, थांब. आता काना.’ तो ‘थांब’ मला अजून ऐकू येतो. ग मध्ये एक थांबणं असतं हे डोळ्यांना कळत नाही, छापील ग मध्ये ते दिसतच नाही, हातालाच ते कळावं लागतं. पाच-सहा वेळा गिरवलं की रेघ इतकी जाड व्हायची की मूळचा ग आत बुडून जायचा. मग पाटी पुसायची. बाईंचं लक्ष असेल तर ओल्या फडक्याने, नसेल तर थुंकीने आणि बाहीने. चिमणी-कावळ्यांना वारा घालायला सांगत ती हलवून वाळवायची, पेन्सिलीचा एक तुकडा मोडून तोंडात टाकायचा (मातकट लागायचा आणि बरा लागायचा), आणि मग कोऱ्या पाटीवर तोच ग आपला आपण. वेडा निघायचा. पुन्हा पुसायचा. पाटीची ही मोठी दानत होती. चुकलेलं अक्षर कुणाच्या दप्तरात साठून राहायचं नाही, आणि पालकसभेत कुणी ते उघडून दाखवायचं नाही.

बाईंचा क्रमही वर्णमालेचा नव्हता. अ आ इ ई पाठ म्हणायचं ते वेगळं आणि काढायचं ते वेगळं. काढायला सुरुवात गमभन पासून, कारण चौघांतही एक गाठ आणि एक काना. एवढ्या दोन गोष्टी हाताला जमल्या की चार अक्षरं एकदम घरात येतात. पुढे व. गोल आणि काना. त्याच्या पोटात तिरकी रेघ ओढली की ब, कान्याला उजवीकडे शेपूट लावलं की क. मग प आला आणि त्या दिवशी वर्गात कुणीतरी ओरडलं, बाई, याच्यापण पोटात रेघ मारू का? मारली, तर ष झाला. शेपूट लावलं, तर फ झाला. ज्या युक्तीने व चे ब आणि क होतात त्याच युक्तीने प चे ष आणि फ होतात, हे आम्हाला कुणी सांगितलेलं नव्हतं. ट, ठ, ढ यांचंही असंच गोत्र. ळ मात्र कुठल्याच गोत्रात बसायचा नाही, तो काढताना जीभ बाहेर यायची. हा सगळा शहाणपणा वर्णमालेत नाही. वर्णमाला उच्चाराच्या हिशेबाने लावली आहे, कंठापासून ओठांपर्यंत, आणि ती व्यवस्था देखणीच आहे. पण चार वर्षांच्या हाताला कंठ आणि ओठ यांचं काय करायचंय? त्याला गाठ आणि काना हवा.

आता हे वाचून कुणी डोळे मिटून ‘गेले ते दिवस’ म्हणणार असेल तर थांबा. त्याच वर्गात लाकडी पट्टीही होती. कान्याचा खालचा भाग वाकडा गेला की ती पट्टी उभ्या धारेने बोटांच्या पेरांवर यायची. माझ्या शेजारी बसणारा मुलगा डावखुरा होता, आणि लिहायच्या तासाला त्याच्या डाव्या हाताला रुमाल बांधला जायचा. तो उजव्या हाताने लिहायला शिकला, पण अक्षर काढताना खांदा कानापर्यंत उचलायचा. आज माझ्या अक्षराचं कौतुक होतं, लग्नपत्रिकांच्या पाकिटांवर नावं घालायला मला बोलावतात, आणि दरवेळी मला आतून बरं वाटतं. ते वळण प्रेमाने किती आलं आणि पट्टीने किती आलं, याचा हिशेब मला लावता आलेला नाही. शाळेच्या भिंतीवर ‘सुंदर अक्षर हा खरा दागिना’ असं मोठ्या अक्षरांत रंगवलेलं होतं. दागिना घालायला कान टोचावे लागतात, एवढं त्यात लिहायचं राहिलं होतं.

सुंदर अक्षराची ही ओढ आपल्याकडे जुनी आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर वाटोळं, सरळ, मोकळं असावं, शाई काळीभोर असावी, ओळी मोत्यांच्या माळांसारख्या चालाव्यात, आणि पहिलं अक्षर जसं काढलं तसंच ग्रंथ संपेपर्यंत दिसावं, सगळं एकाच टाकाने लिहिल्यासारखं. तरुणपणी फार बारीक लिहू नका, म्हातारपणी कामाला येत नाही, अशी व्यवहारी सूचनाही आहे. चष्मा लागल्यापासून ती मला विशेष पटते. पण तो उपदेश ग्रंथ नकलून घेणाऱ्यांसाठी होता, ज्यांची एक नक्कल बिघडली तर पुढच्या दहा बिघडायच्या. आपण तीच फूटपट्टी उचलून बालवाडीत आणली. ज्याला अजून बुटाचा बंद बांधता येत नाही त्याचा पहिला अ आणि शेवटचा अ सारखा यावा, ही अपेक्षा आणि ग्रंथ नकलण्याचं काम यात काही अंतर असावं की नाही?

मनगटात आठ छोटी हाडं असतात. बाळ जन्मतं तेव्हा ती हाडं नसतातच, नुसती मऊ, लवचिक कूर्चा असते. एकेक करून ती हाडात बदलत जातात, आणि सहाव्या वर्षापर्यंतही काम पुरतं संपलेलं नसतं. करंगळीच्या बाजूचं वाटाण्याएवढं शेवटचं हाड तर आठव्या ते बाराव्या वर्षाच्या दरम्यान कधीतरी धरतं. ही माहिती मला फार उशिरा कळली आणि तेव्हापासून नर्सरीतल्या मुलांची मुठीत आवळलेली पेन्सिल पाहिली की माझं लक्ष अक्षराकडे जात नाही, मनगटाकडे जातं. तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाला चौरेघीच्या दोन रेघांमध्ये अक्षर बसवायला लावायचं, रेघेबाहेर गेलं की लाल गोल करायचा, आणि वर ‘याला लिहायचा कंटाळा आहे’ म्हणून शेरा द्यायचा. शेरा त्या कूर्चेला पोचत नाही.

धुळपाटी होती तेव्हा पोरांना निदान पेन्सिल धरायची सक्ती नव्हती. लाकडी फळीवर धूळ किंवा वाळू पसरायची आणि बोटाने नाहीतर काडीने अक्षरं काढायची, ‘ओनामा’ म्हणत. चुकलं की फळी हलवली, झालं. या साध्या गोष्टीने पार लंडनपर्यंत मजल मारली होती. अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री १७८९ पासून मद्रासच्या एका अनाथाश्रमाचा अधीक्षक होता. स्थानिक शाळेतली मुलं वाळूवर बोटाने अक्षरं काढताना त्याला दिसली आणि आपल्या लहान वर्गातही हेच करायचं त्याने ठरवलं. त्याच्या मास्तरांनी नाक मुरडलं, तेव्हा त्याने आठ वर्षांच्या एका मुलालाच धाकट्यांना शिकवायला बसवलं. १७९७ मध्ये त्याने यावर पुस्तिका छापली आणि पुढे इंग्लंडमधल्या गरिबांच्या शाळांत वाळूचे ट्रे आले. मुलांनी मुलांना शिकवायची ती पद्धत मद्रास पद्धत म्हणूनच ओळखली गेली. ती वाळू आपल्या अंगणातून उचललेली होती, आणि आपल्या शाळांत त्याच काळानंतर हळूहळू पाटी आणि मग वही आली. बालशाळांना वाळूचं महत्त्व पुन्हा कळायला इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ माँटेसरीबाईंची वाट पाहावी लागली. रोमच्या सॅन लोरेंझो वस्तीतलं त्यांचं बालगृह १९०७ चं. तिथे खरखरीत कागदाची अक्षरं पाटीवर चिकटवलेली असत आणि मुलं ती डोळे मिटूनसुद्धा दोन बोटांनी चाचपत. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत त्या काही काळ मद्रासच्या अड्यारला राहिल्या होत्या. बेलसाहेबांच्या त्याच शहरात.

तिथेही गिरवणंच होतं की, असं कुणी म्हणेल. मीही तसंच म्हणत होते. फरक हा की खरखरीत अक्षरावर बाई आधी स्वतः बोट फिरवून दाखवतात, वरून खाली, वळण घेऊन, आणि मूल तोच रस्ता धरतं. बोट कागदावरून सुटून गुळगुळीत जागेवर गेलं की बोटालाच कळतं, लाल गोल लागत नाही.

ठिपक्यांबद्दलचा माझा संशय नुसता आत्यापणाचा नाही, हे नंतर एका अभ्यासामुळे पटलं. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात करिन जेम्स आणि लॉरा एंगलहार्ट यांनी पाच वर्षांची, अजून वाचायला न लागलेली मुलं घेतली. काही अक्षरं त्यांच्याकडून पाहून हाताने काढून घेतली, काही ठिपक्यांवरून गिरवून घेतली, काही कीबोर्डवर दाबायला लावली. मग तीच अक्षरं दाखवत मेंदूची चित्रं घेतली. वाचणाऱ्या माणसाच्या मेंदूत जे भाग कामाला लागतात ते मुलांच्या मेंदूत जागे झाले ते हाताने स्वतः काढलेल्या अक्षरांना पाहून. गिरवलेल्या आणि दाबलेल्या अक्षरांनी तसं काही फारसं केलं नाही. हा अभ्यास २०१२ मध्ये छापून आला. मुलं मोजकीच होती, अक्षरं रोमन होती, तेव्हा यावरून सगळ्या वह्या रद्दीत घालाव्यात असं मी म्हणणार नाही. पण त्यांनी सुचवलेलं कारण मला फार आवडलं. मुलाने स्वतः काढलेला प्रत्येक अ वेगळा येतो, एक जाडा, एक लंगडा, एक पडलेला, आणि हे सगळे ‘अ’च आहेत हे मेंदूला त्या वेडेपणामुळेच उमगतं. म्हणजे ज्या वाकड्यापणासाठी आमच्या पेरांवर पट्टी बसत होती, शिकणं तिथेच चाललेलं होतं.

वाकडेपणातही किती तऱ्हा असतात! भाची तीन काढते तो हमखास उलटा काढते. बहुतेक मुलं काढतात. कप उजवीकडे कान करून ठेवला काय आणि डावीकडे करून ठेवला काय, तो कपच, हे मेंदूने जन्मापासून घोकलेलं असतं. अक्षरांपुरता हा नियम चालत नाही, हे त्याला नव्याने शिकावं लागतं. त्यात देवनागरी अंकांनी तर थट्टाच मांडली आहे. ३ उलटा काढला की ६ होतो. तीन आंबे मोजून सहा लिहिणाऱ्या मुलीला मी काय सांगू?

दुसरी तऱ्हा शिरोरेषेची. वहिनीची तक्रार होती की ही आधी वरची रेघ ओढते आणि मग तिला खाली अक्षरं लटकवते. शाळेत हे चूक धरतात, रेघ शेवटी द्यायची. मला मात्र हसू आलं, कारण आमचे आजोबा मोडी लिहायचे तेव्हा नेमकं हेच करायचे. आधी पानभर सरळ रेघ, आणि मग हात शक्य तितका न उचलता खाली अक्षरांची धाव. कित्येक पिढ्यांचे हिशेब, खरेदीखतं, तक्रारी, सगळा मराठी कारभार त्या आधी ओढलेल्या रेघेखाली लिहिला गेला. भाचीला चार वर्षांची असताना ते आपसूक सुचलं आणि तिला लाल फुली मिळाली.

तिसरी तऱ्हा तिची नव्हेच. तिच्या वहीतला ल हिंदी वळणाचा होता, कान्याचा. श सुद्धा गाठीचा. शाळेने कुठूनतरी उतरवून घेतलेली पानं होती ती. मराठीचा ल पाकळ्यांचा आणि श देठाचा असावा, असं राज्य सरकारने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात सांगून ठेवलंय. ते कागदावर आहे. पण ठिपके छापणाऱ्याच्या संगणकात ज्या वळणाचा ल असेल तोच आपल्या पोरांच्या हातात उतरणार. हात धरून शिकवणाऱ्या बाई असत्या तर त्यांच्या हातातला ल उतरला असता.

त्या मुक्कामात मी एका दुपारी परातीत रवा पसरला. वहिनीचा जीव रव्यासाठी तुटत होता, पण ती काही बोलली नाही. भाचीचं बोट धरलं, वरून सुरुवात केली, एक गोलाई, दुसरी गोलाई, दांडी, थांब, काना. माझ्या तोंडून ‘थांब’ निघाल्यावर माझी मीच दचकले. मग बोट सोडलं. तिने एकटीने जो अ काढला त्याची वरची गोलाई एवढीशी आणि खालची परातीच्या काठाला टेकलेली. “हा जेवलाय,” ती म्हणाली. परात हलवली, पुढचा काढला. तो उपाशी निघाला. अर्धा तास हे चाललं, रवा सतरंजीत गेला, मुंग्यांची सोय झाली. शेवटी तिने मनगट माझ्यापुढे केलं. मला वाटलं दुखलं.

तिला शिक्का हवा होता.

माझी एक मैत्रीण सातारा जिल्ह्यात अंगणवाडीताई आहे. हा सगळा प्रकार तिला फोनवर सांगितला तर ती म्हणाली, “तुझ्याकडे एक वहिनी आहे, माझ्याकडे अख्खं गाव आहे.” तिच्या अंगणवाडीत मुलं कागद फाडतात, चिंचोके एका वाटीतून दुसरीत टाकतात, कणकेचे साप करतात, कपड्यांचे चिमटे दोरीला लावतात आणि काढतात. बोटांत ताकद यावी म्हणून. जमिनीवर खडूने पसरट मोठी वळणं काढून त्यावरून चालतात. उभी रेघ, आडवी रेघ, तिरकी रेघ, अर्धा गोल, हे सगळं आधी अंगणात काडीने होतं. आणि संध्याकाळी पोरांना न्यायला आलेल्या आया विचारतात, ताई, आज काय लिवलं? काहीच नाही? गावातून पिवळी बस भरून पोरं तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात, त्यांच्या वह्या भरलेल्या असतात, त्या वह्या शेजारपाजारी दाखवल्या जातात. मग अंगणवाडीत पोरं नुसती खेळतात असं गावभर होतं आणि पट कमी होतो. तिची नोकरी त्या पटावर आहे. त्या आयांना नावं ठेवणं मला जमत नाही. ज्यांच्या घरात पहिल्यांदाच कुणी लिहिणार आहे त्यांना लिहिलेलं पान हातात हवं असणारच, कणकेचा साप कुणाला दाखवणार?

तर तिने एका पालकसभेत काय केलं, बापांनाही आग्रहाने बोलावलं, प्रत्येकाला एक कागद आणि पेन्सिल दिली आणि सांगितलं, ज्या हाताने लिहिता तो सोडून दुसऱ्या हाताने आपलं पूर्ण नाव लिहा. दोन रेघांच्या मध्येच बसलं पाहिजे. आधी हशा झाला. मग एकदम सगळे गप्प झाले आणि माना खाली गेल्या. कुणाची जीभ बाहेर, कुणाची पेन्सिल मुठीत, एकाच्या पेन्सिलीचं टोक मोडलं. एक गवंडी, ज्याच्या हातची भिंत गावात ओळंब्याला नमुना म्हणून दाखवतात, त्याचा काना सरळ पडेना. तिने मुद्दाम फिरत फिरत त्याच्या कागदाकडे पाहून शाळेतल्या बाईंच्या आवाजात म्हटलं, “रेघेबाहेर गेलंय हो.” तो घाम पुसत म्हणाला, “व्हय ताई, हात ऐकंना.” मग थोडं थांबून, “पोराचं बी असंच हुतं म्हणा की.”

मैत्रीण खूश. काम फत्ते, असं तिला वाटलं. कागद गोळा केले, चहा आला, लोक उठायला लागले, तेव्हा तोच गवंडी दारापाशी चपला घालता घालता वळला.

“समदं पटलं ताई. पण वही कधी देणार?”

ती म्हणाली, दिवाळीनंतर. दिवाळी झाली की संक्रांतीनंतर म्हणणार आहे.